म्हैस गेली आणि चांदण्या पाच

मी काय काम करते हे हातकणंगल्याच्या माझ्या आत्याला समजावून सांगण्यात सहा वर्षांत मी तीनदा नापास झाले आहे. पहिल्यांदा मी म्हणाले, "लोक इंटरनेटवर प्रश्न विचारतात, दुसरे लोक उत्तरं देतात." आत्या म्हणाली, "मग तू काय करतीस?" दुसऱ्यांदा सांगितलं, "कुणाचं उत्तर वर दाखवायचं ते मी ठरवते." आत्या म्हणाली, "तुला त्यातलं काय कळतंय?" तिसऱ्यांदा मी नुसतं "कॉम्प्युटर" म्हणाले आणि तिचं समाधान झालं. पण तिचा दुसरा प्रश्न बरोबर होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं. जे थोडं कळलं ते ज्यांच्यामुळे, त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. मुख्य धंदा दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करण्याचा. कुणी किती लिटर दूध घातलं, फॅट किती लागलं, याची नोंद ठेवणारं. आमचे मालक मगदूम सर स्वतः आठ म्हशींच्या घरातले. गावोगावच्या संस्थांत कॉम्प्युटर पोचलेच आहेत, तर ते फोनच्या तारेनं जोडावेत आणि लोकांनी जनावरांच्या अडचणी एकमेकांना विचाराव्यात, असं त्यांच्या डोक्यात आलं. या ठिकाणाला त्यांनी नाव दिलं 'गोठा'. शेतकऱ्यानं सकाळी दूध घालताना प्रश्न सांगायचा, संस्थेच्या सचिवानं तो टाइप करायचा, आणि संध्याकाळी दूध घालायला आल्यावर आलेली उत्तरं वाचून दाखवायची. फुकट.

मी नुकतीच लागले होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी घरापुरती. 'म्हैस माजावर येत नाही' याचा अर्थ मी भर ऑफिसात विचारला होता. ऑफिस बराच वेळ हसत होतं. सर हसले नाहीत. त्यांनी अर्थ सांगितला आणि म्हणाले, "वही कर. रोजचे नवीन शब्द लिहीत जा." ती वही अजून आहे. आज हा लेख मी मराठीत लिहू शकते आहे तो त्या वहीमुळे.

फोन वाजला की मी पाण्याची बाटली भरायला उठायचे. हे सरांच्या लक्षात आलं. "काय गं, तोंड काय लॉकरमध्ये ठिवलंयस व्हय?" असं ते एकदा ओरडले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलायची गरज नसलेलं काम दिलं. ते काम म्हणजे चांदण्या.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. गावात एखादा माणूस बोलला की ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं, याच्या गोठ्यात किती जनावरं आहेत, याच्या सांगण्यावरून मागं कुणाचं काय झालं होतं, आणि हा आत्ता शुद्धीवर आहे का. स्क्रीनवर सगळ्यांची अक्षरं सारखीच. तिथं शब्दाला वजन कुठून आणायचं? ते आणण्याच्या युक्त्या शोधणं हे माझं काम. मी केलेली युक्ती साधी होती. उपाय करून झाला की प्रश्न विचारणाऱ्यानं उत्तराला एक ते पाच चांदण्या द्यायच्या. ज्याला चांदण्या जास्त, त्याचं नाव वर, त्याचं उत्तर आधी. शिवाय सचिवांची तक्रार होती की लांबलचक उत्तरं वाचताना दुधाची रांग खोळंबते, म्हणून मी एका उत्तराला सात ओळींची मर्यादा घातली. ही सात ओळींची गोष्ट लक्षात ठेवा. मला ती नंतर फार आठवली.

पहिल्या वर्षी लबाड्या शोधण्यात दिवस गेले. राधानगरीकडच्या एका गृहस्थांना नऊ वेगवेगळ्या नावांनी रोज पाच-पाच चांदण्या मिळत होत्या. चंद्री, गवळण, मोगरा, काशी अशी नावं. मला वाटलं, या माणसाच्या सल्ल्यावर बायकांचा फार विश्वास दिसतो. सरांनी नावं वाचली आणि फोन उचलला.

"काय पावणं, ह्या बाया कोण?"

पलीकडचा आवाज मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. "बाया कुठल्या? म्हशी हायत माझ्या."

"म्हशींच्या नावानं चांदण्या देतायसा?"

"मग? उपाय त्यांच्यावर केलाय. मत त्यांनी द्यायचं न्हाई तर काय तुमी द्यायचं?"

सरांनी फोन ठेवला. मी नऊ म्हशींची नावं काढून टाकली. पण तो माणूस चेष्टेत जे बोलला होता, तिथपर्यंत पोचायला मला पुढं दोन वर्षं लागली.

अशा सगळ्यांत एक नाव निर्मळ होतं. तात्या. हातकणंगल्याजवळच्या गावातले, वय सत्तरीच्या आसपास. उत्तर सरळ, शब्द मोजके, कुणाला हिणवणं नाही. त्यांच्या नावापुढं जवळजवळ कायम पाच चांदण्या. एकदाही एक किंवा दोन नाहीत. मी त्याचा अभिमान बाळगून होते. माझी पद्धत चांगल्या माणसाला शोधून वर आणते याचा पुरावा म्हणून मी सरांना तात्यांचं नाव दाखवायचे.

एका मंगळवारी ऑफिसात मी एकटीच होते आणि फोन वाजायचा थांबेना. शेवटी उचलला.

"ग्वाठ्याचं हापीस न्हवं?" बाईचा आवाज, मोठा.

"हो."

"चांदण्या कोण लावतंय तिथं?"

"ते काम... मी बघते."

"बाईमाणूस हाईस, बरं झालं. ऐक."

त्यांचं नाव सुवर्णाअक्का असं इथं म्हणते, खरं नाव वेगळं आहे. शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव, घरात तीन म्हशी. महिन्यापूर्वी त्यातल्या एकीचं पोट फुगलं. सचिवानं तात्यांचा उपाय वाचून दाखवला, गोडेतेल पाजा. अक्कांच्या यजमानांनी घरी येऊन बाटलीनं तेल पाजलं.

"मालकानं तोंड वर धरलं आन् गटागटा वतलं. म्हशीला ठसका लागला. म्हनालं, जातंय पोटात, जाऊ दे. तिसऱ्या दिवशी धाप लागली. डाक्टर म्हनाला, त्याल छातीत उतरलंय. पाचव्या दिवशी गेली."

मी ऐकता ऐकता स्क्रीनवर ते उत्तर काढलं होतं. मला जे दिसलं ते मला कळेना. "अक्का, पण या उत्तराला तुमच्या संस्थेतून पाच चांदण्या आल्या आहेत."

"व्हय. मीच दिल्या."

मी स्क्रीनवरची तारीख पुन्हा वाचली.

"अगं, रांगंत पंधरा मानसं. सचिव वरडून इचारतंय, अक्का, तात्याला किती देऊ? म्हाताऱ्यानं फुकाट उपाय सांगितलेला. चारचौघांत त्येचं नाव मी खाली पाडू? आन् पाजलं कुनी? आमच्या मालकानं. ते किटली घिऊन माज्या शेजारीच हुभं. म्हस गेली म्हनून सांगितलं असतं तर समदी त्येंच्या त्वांडाकडं बगली असती. म्हनलं, दे पाच."

"मग मला का सांगताय?"

"उद्या दुसरं कोन पाजंल की. म्हनून." मग आवाज उतरला. "माजं नाव काडू नको. मालकाचंबी. त्या दिवसापास्नं मानूस धड जेवत न्हाय, बोलत न्हाय. ग्वाठ्यात जातंय आन् तसंच माघारी येतंय."

फोन ठेवल्यावर मी पहिलं काम केलं ते तात्यांचं उत्तर लपवण्याचं. एक बटण दाबलं की झालं. मग सरांना सांगितलं.

"उडवलंस न्हवं? मग मिटलं," सर म्हणाले. खिडकीपर्यंत गेले आणि परत फिरले. "मिटलं न्हाई. बाकीच्या चांदण्या तरी खऱ्या हायत काय? जा, बघून ये. बोलू नको कुणाशी. बघायला तर येतंय न्हवं तुला?"

तेवढं येत होतं. बुधवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी दोन गावांच्या संस्थांत जाऊन बसले. अक्कांचं गाव मुद्दाम टाळलं. मला एक प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली आणि थोड्या वेळानं मी तिथं आहे हे सगळे विसरले. हा माझा एक गुण आहे, लोक मला लवकर विसरतात.

सचिव दूध मोजता मोजता स्क्रीनकडं बघून ओरडत होते. "संभा, तुझ्या रेडीचं काय झालं? उपाय लागू पडला?"

"पडला की!"

माझ्या मागं उभे असलेले दोघं हळू बोलले. "कुठला पडतोय. डाक्टर आणला तवा उठली."

"गप की. ऐकंल."

"किती देऊ रं?" सचिव.

"दे की पाच. तुझ्या घरचं काय जातंय?"

पुढं एक बाई होती. सचिव म्हणाले, "वैनी, किती?" ती म्हणाली, "त्येंनाच इचारा." तिचे 'ते' तिथं नव्हते. सचिवांनी पाच दाबल्या आणि पुढची किटली ओढली.

मी इंग्रजीतून जे वाचून ही पद्धत बसवली होती, त्यात एक माणूस असतो, एक स्क्रीन असतो, आणि तो माणूस एकटा बसून आपलं खरं मत देतो. माझ्या डोळ्यांपुढं तसंच चित्र होतं. मला कधी सुचलंच नाही की आमच्याकडं एका स्क्रीनपुढं अख्खी गल्ली उभी असते, बटण तिसराच माणूस दाबतो, आणि ज्याच्याबद्दल मत द्यायचं तो कुणाचा तरी पाहुणा असतो. चारचौघांत तोंडावर वाट्टेल ते बोलणारी ही माणसं. पण ज्यानं मदत केली त्याला पाठीमागं कमी लेखायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. चांगला शिरस्ता आहे. मी त्यावर गुणपत्रिका छापत होते.

शुक्रवारी तात्यांचाच फोन आला. ऑफिसातल्या मुलीनं उचलला आणि माझ्याकडं दिला. "माझं पोटफुगीचं उत्तर कुठं गेलं, बाळ?"

मी म्हणाले, "बघते." आणि फोन ठेवला.

हे फोनवर सांगणं मला जमलं नसतं, म्हणून शनिवारी मी गाडीनं हातकणंगल्याला उतरले आणि तिथून वडापच्या जीपनं त्यांच्या गावी गेले. सर येतो म्हणाले होते. का कुणास ठाऊक, मी नको म्हणाले.

तात्यांचं घर लहान, सारवलेलं. कपाटावर बुद्धांची छोटी मूर्ती, तिच्याशेजारी निळ्या कव्हरच्या वह्यांची चळत. तीस वर्षं ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर होते. जनावर धरायचं, पाय बांधायचे, सुया उकळायच्या, शेण काढायचं. डॉक्टर बदलून जायचे, तात्या तिथंच. जे बघितलं ते घरी येऊन वहीत लिहायचे. त्यांचं नाव तीस वर्षांत कुठल्या कागदावर आलं नव्हतं.

चहा झाला. मला विषय काढता येईना. तेच आनंदानं बोलत होते. "आमच्या संस्थेत पूर्वी मी दूध घालून भायेरच्या भायेर परत यायचो. आता सचिव आत बोलवून खुर्ची देतोय. म्हनतोय, तात्या, आज तीन गावांत तुमचं उत्तर वाचलं."

ते ऐकल्यावर मी उठून परत जायला तयार होते. पण गाडीला अजून दोन तास होते आणि कुठं जाणार? मी अक्कांचं नाव न घेता सगळं सांगितलं. आवाज इतका बारीक निघत होता की त्यांनी दोनदा "काय?" विचारलं, आणि म्हणून मला 'म्हैस गेली' हे दोनदा म्हणावं लागलं.

तात्या उठले. चळतीतून एक वही काढून माझ्यापुढं ठेवली आणि एका पानावर बोट ठेवलं. तिथं सगळं होतं. मान सरळ ठेवायची, तोंड वर करायचं नाही, जीभ ओढून धरायची नाही, थोडं थोडं पाजायचं, ठसका लागला की लगेच थांबायचं.

"सचिव म्हनाला, सातच वळी बसत्यात, कायतरी काडा. मी हे काडलं. म्हनलं, येवढं तर कुनालाबी ठाव असतंय."

"मर्यादा मी घातली होती," मी म्हणाले.

त्यांनी बोट पानावरून उचललं. विचारलं, "किती जनावरं?"

"एक कळलं आहे. बाकीची माहीत नाहीत. कळायला मार्गच नव्हता."

"तुला कवा कळलं?"

"मंगळवारी."

"आज शनवार. चार दिवस काय करत हुतीस?"

"घाबरत होते."

"मला?"

मी हो म्हणून मान हलवली. तात्या पहिल्यांदाच चिडले. "माझा डाक्टर माज्यावर वरडायचा. तीस वर्सं. समद्यांच्या म्होरं. राग यायचा, घरी येऊन जेवायचो न्हाय. पर वरडला की कळायचं, हात कुटं चुकला. दुसऱ्या दिवशी त्यो हात चुकायचा न्हाय. तुमच्या ह्या चांदण्या वरडत न्हाईत. नुस्त्या चमकत्यात. दोन वर्सं मला कोन काय बोललंच न्हाय. मी समजलो, आपलं चुकतच न्हाय."

बाहेर कुणाचं तरी वासरू ओरडत होतं. तात्या वही माझ्याकडं सरकवत म्हणाले, "उत्तर उडवू नको. परत लाव. वर लिव्ह, ह्या उपायानं एक म्हस गेली, सांगायचं ऱ्हायलं ते खाली दिलंय."

"तात्या, चांदण्या जातील."

"जाऊदेत."

"संस्थेत लोक..."

"खुर्चीचं म्हनतीस व्हय?" ते माझ्याकडं बघून हसले, पण ते हसू नीट नव्हतं. "ते मला कळत न्हाय व्हय? लिव्ह तू."

मी लिहून घेतलं. त्यांनी वाचून दाखवायला लावलं आणि 'सांगायचं राहिलं' च्या आधी 'चूक माझी' हे दोन शब्द स्वतः घातले. निघताना त्यांनी विचारलं, "कोन बाई हुती?" मी म्हणाले, ते सांगता येणार नाही. "नको सांगू," ते म्हणाले. "सांगितलंस तर उद्या कोन फोन करनार न्हाय." रेप्युटेशन सिस्टिम, म्हणजे कुणाच्या शब्दाला किती वजन ते ठरवण्याची पद्धत, या विषयावर मी नंतर बरंच इंग्रजी वाचलं. एवढं महत्त्वाचं एका वाक्यात सांगणारं फार थोडं भेटलं.

सोमवारी उत्तर परत लागलं, सात ओळींची मर्यादा काढून.

पुढचे सहा महिने सरांनी मला बाकी कामातून मोकळं केलं. मी चांदण्या काढून टाकल्या. उत्तर कसं होतं, हा प्रश्नच बंद केला. त्याऐवजी एकच विचारायचं, जनावराला फरक पडला का? राधानगरीच्या त्या गृहस्थांचं म्हणणं हेच होतं की, उपाय म्हशीवर झाला तर मतही म्हशीचंच. आणि ते रांगेत विचारायचं नाही. तोवर घरोघरी मोबाइल आले होते, पण बोलायला कुणी लावायचं नाही, मिस्ड कॉल द्यायचे. तेच मी वापरलं. ऑफिसात तीन जुने मोबाइल ओळीनं ठेवले. फरक पडला तर पहिल्या नंबरला मिस्ड कॉल, नाही पडला तर दुसऱ्या, जनावर गेलं तर तिसऱ्या. प्रश्न विचारताना लिहून घेतलेल्या नंबरवरून कुठला प्रश्न ते आम्हाला कळायचं, गावात कुणाला नाही. मिस्ड कॉल घरातून, गोठ्यातून, पाणंदीतून, जिथून वाटेल तिथून द्यायचा.

पहिल्या आठवड्यात काहीच वाजलं नाही. सर म्हणाले, "तीन मोबाइल सुगड मांडल्यागत मांडून ठेवलीस, आता पूजा तरी कर." मग हळूहळू सुरू झालं. परत फोन करून विचारलं की बहुतेक वेळा बाईच उचलायची. प्रश्न पुरुषाच्या नावावर, दूध पुरुषाच्या नावावर, पण म्हशीपाशी दिवसभर असते ती. इतकी वर्षं आम्ही मत भलत्याच माणसाला विचारत होतो. तिसरा मोबाइल वाजला की ऑफिसातलं बोलणं आपोआप थांबायचं. सरसुद्धा थांबायचे.

चुकलं की चुकणाऱ्याला लगेच कळलं पाहिजे, हे तात्यांचं म्हणणं मी नियमच करून टाकलं. वाईट निकाल आला तर आधी उत्तर देणाऱ्याला खासगीत कळवायचं, तेही फोन करून, आणि दुरुस्त करायला एक दिवस द्यायचा. तोवर उत्तर झाकून ठेवायचं. ज्यानं दुरुस्त केलं त्याच्या उत्तरावर 'सुधारलेलं उत्तर' अशी खूण यायची, आणि ती खूण असलेलं उत्तर वर जायचं. हे फोन करायचं काम सरांनी माझ्याकडं दिलं. "तुझा आवाज ऐकून कुणाला राग येणार न्हाई," म्हणाले, "आधी ऐकूच येत न्हाई." पहिले काही फोन मी कागदावर वाक्यं लिहून केले. एक निवृत्त मास्तर फार चांगली उत्तरं द्यायचे. त्यांना फोन केला तर म्हणाले, "चाळीस वर्षं मी गुण दिले, तू मला देणार?" आणि गोठा सोडून गेले. त्यांना थांबवायला मला शब्द सापडले नाहीत. आता कदाचित सापडले असते.

आणि खुर्ची. तात्यांचं सुधारलेलं उत्तर लागल्यावर त्यांच्या गावच्या सचिवानं दोन महिने त्यांना आत बोलावलं नाही, हे मला फार उशिरा आणि दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तात्या याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. मी सांगितलं होतं की चांदण्या जातील, त्या तर मीच काढल्या. खुर्चीवर माझं काही चालत नव्हतं. पुढं तो सचिव पुन्हा बोलवायला लागला, पण तेव्हा तात्या म्हणाले, उभं राहिलेलं बरं, वेळ वाचतो. ते अजून उत्तरं देतात. त्यांच्याइतक्या 'सुधारलेलं उत्तर' च्या खुणा गोठ्यावर कुणाच्याच नाहीत. नवीन माणसाला वाटतं हा म्हातारा फार चुकतो. जुनी माणसं त्यांचंच उत्तर आधी वाचायला सांगतात.

गेल्या सहा वर्षांत मला जे शिकवलं ते यांनी. पगार मला मिळाला. काम मात्र पुष्कळ वेळा दुसऱ्यानं करून दिलेलं होतं, कुणी रागावून, कुणी चेष्टेत, कुणी नाव न सांगता.

तात्यांचं उत्तर परत लागलं त्या आठवड्यातलं एक सांगायचं राहिलं आहे. तेव्हा मिस्ड कॉल वगैरे काही नव्हतं. गुरुवारी सुवर्णाअक्कांचा फोन आला. या वेळी मी पाणी भरायला उठले नाही.

"आज वाचलं आमच्यात," त्या म्हणाल्या. "सचिवानं वाचलं. ह्या उपायानं एक म्हस गेली, चूक माझी."

"तुमचं नाव कुठंही नाही, अक्का. मी तात्यांनासुद्धा सांगितलेलं नाही."

"ऐक की. सचिव म्हनालं, कुनाची गेली असंल गा? तर आमचं मालक म्हनालं, माजी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणाले?"

"माजी. सगळ्यांच्या म्होरं. म्हनालं, म्हाताऱ्याची कशाची चूक, मान मी वर धरली हुती. ठसका लागला तरी वतत हुतो. किटली खाली ठिवली आन् कसं धरलं हुतं ते हातानं करून दाखिवलं. धा जनं बगत हुती. दोगं म्हनाली, आमीबी तसंच पाजतो रं. कोन हसलं न्हाय. मंग सचिवानं म्हाताऱ्याचं परत पयल्यापास्नं वाचलं, सगळं."

मी विचारलं, "आता कसे आहेत ते?"

"जेवलं. दोन भाकरी खाल्ल्या आन् आमटीत मीठ कमी हाय म्हनून वरडलं माज्यावर. महिन्यानं."

"अक्का, थँक्यू," मी म्हणाले.

"मला कशाला थँकू? ठेव आता. धार काडायची हाय, म्हस वरडायलीय."